जवारी स्पीकर

मराठीत संगीतसमीक्षेला तोटा नाही. घराण्यांवर लिहिले गेले, बंदिशींवर लिहिले गेले, गायकांच्या आठवणींनी तर कपाटे भरतील. परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यभर जे गाणे ऐकले ते एका कागदी शंकूतून ऐकले, या साध्या गोष्टीची दखल या समीक्षेने फारशी घेतलेली दिसत नाही. सीमाभागातल्या घरांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी बेळगावच्या शेजारचे. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई हनगल. एवढी श्रीमंती अंगणात असूनही या मंडळींना समोर बसून ऐकण्याचे भाग्य वर्षाकाठी एकदा, फार तर दोनदा. एरवी आकाशवाणीची धारवाड आणि सांगली ही केंद्रे, आणि मागाहून रेकॉर्डी व कॅसेटी. आपला कान स्पीकरने घडवला, हे मान्य करायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा प्रस्तुत लेखात समीक्षेचा विषय कोणी गायक नाही आणि ग्रंथही नाही. घरी स्पीकर बांधायचे आणि चारचौघांनी एकत्र बसून ते ऐकायचे, असा एक छंद जगभर आहे. त्या छंदाची ही समीक्षा आहे. मी स्वतः गेली काही वर्षे अशा एका बैठकीत बसतो. त्यामुळे आपुलकी आहेच. पण ज्या मंडळींचा सारा वेळ दुसऱ्याच्या कामातले दोष ऐकण्यात जातो, त्यांनी आपले दोषही ऐकून घ्यावेत एवढीच अपेक्षा.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. जनरल इलेक्ट्रिकचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ज्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याच तत्त्वावर आजचे बहुतेक सगळे स्पीकर चालतात. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला शंकू, आणि वेटोळ्यातून वाहणाऱ्या विजेबरहुकूम पुढेमागे होणारा तो शंकू. हा भाग, ज्याला दुकानात 'युनिट' म्हणतात, घरी करता येत नाही. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा बंगळूरच्या एस. पी. रोडवरून आणायचा. पण नुसते युनिट टेबलावर ठेवून वाजवले तर आवाज पातळ येतो. शंकू पुढे सरकताना पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या स्वरांत या दोन लाटा कडेने वळून एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून मागची लाट कोंडायला, किंवा शिस्तीत वळवून बाहेर काढायला, पेटी लागते. युनिट तेच ठेवून पेटी बदलली की आवाज बदलतो. हौशी माणसाला शिरकाव मिळाला तो इथे, आणि म्हणून हा छंद मुळात सुतारकीचा आहे. तंबोऱ्याचा भोपळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना लाकूड आणि पोकळी यांचे महत्त्व सांगायला नको. फरक एवढाच, की भोपळ्याने बोलायचे असते आणि स्पीकरच्या पेटीने गप्प बसायचे असते.

या छंदाला दोन लेखक असे लाभले की ज्यांच्याकडे साहित्यसमीक्षकानेही पाहावे.

पहिले इंग्लंडचे गिल्बर्ट ब्रिग्ज. ब्रॅडफर्ड भागातल्या कापडाच्या व्यापारात वाढलेल्या या गृहस्थांनी १९३२ साली इल्कली गावी आपल्या घराच्या तळघरात स्पीकर बांधायला सुरुवात केली, आणि जवळच्या नदीखोऱ्याच्या नावावरून आपल्या उद्योगाला व्हार्फडेल हे नाव दिले. १९४८ साली त्यांनी सामान्य वाचकासाठी स्पीकरवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ब्रिग्ज यांची शैली खेळकर आहे. सूत्रांचा धाक न घालता ते वाचकाला विटांची पेटी बांधायला किंवा दोन फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरायला सांगतात, कारण जड भिंत थरथरत नाही. पण त्यांचे खरे धाडस पुस्तकाबाहेरचे. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी भर सभागृहात कलावंतांचे प्रत्यक्ष वादन आणि स्पीकरवरून येणारे ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी ठेवले. मूळ आणि प्रतिकृती एकाच वेळी श्रोत्यांपुढे ठेवण्याची ही हिंमत किती भाषांतरकारांत असते?

दुसरे जपानचे तेत्सुओ नागाओका (१९२६–२०००). हे विनोदी लेखनाकडून ध्वनिसमीक्षेकडे आले. नियतकालिकांतून स्पीकरवर अभिप्राय लिहीत, आणि त्याचबरोबर वाचकाला पेटीचे आराखडेही देत. नव्वद सेंटिमीटर बाय एकशेऐंशीच्या प्लायवूडच्या फळीतून तुकडे कसे कापले म्हणजे लाकूड वाया जाणार नाही, याचा नकाशाही त्यासोबत असे. जपानमधल्या कितीतरी घरांत हे आराखडे प्रत्यक्षात उतरले. मला यात समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट दिसते. आपल्याकडचा समीक्षक निकाल देतो. निकाल तपासण्याची साधने मात्र स्वतःच्या कपाटात ठेवतो. नागाओकांनी वाचकाच्या हाती करवत दिली. 'मी म्हणतो ते खरे आहे की नाही, बांधून ऐका,' हा त्यामागचा भाव. त्यांची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. रेकॉर्डी निवडताना त्यांचे पहिले लक्ष ध्वनिमुद्रणाच्या गुणवत्तेकडे असे, आणि त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी तेवढेच उचलले. रेकॉर्ड चांगली वाजते म्हणून गाणे चांगले, हा उलटा हिशेब या छंदात आजही चालतो.

मधल्या काळात गणितानेही या क्षेत्रात पाऊल टाकले. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी, आणि १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी, युनिटच्या मोजक्या मापांवरून पेटी केवढी हवी हे काढण्याची रीत बसवून दिली. पूर्वी अंदाजाने आणि वादाने ठरणारी गोष्ट बेरीज-गुणाकाराने ठरू लागली. आज तर साधा संगणक आणि स्वस्त मोजमापी मायक्रोफोन असला की घरबसल्या स्पीकरचा आलेख काढता येतो. यामुळे कानाची गरज संपली असे समजणारे काही आहेत, आणि आलेख पाहणे म्हणजे कलेशी द्रोह असे मानणारेही आहेत. दोघांनीही एक प्रयोग लक्षात घ्यावा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या या प्रयोगात श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड्यावर ऐकवले. डोळ्यांना स्पीकर दिसू लागताच कानांचे अभिप्राय बदलले. आकार, किंमत, नाव यांचे वजन कानावर पडते, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. कानावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तो कान एकटा आहे ना, एवढे मात्र पाहावे लागते.

म्हणून आमच्या बैठकीत पडदा आहे. जुन्या मलमलीच्या धोतराचा. आवाज अडवत नाही आणि मागचे काही दिसू देत नाही. आणखी एक दक्षता घ्यावी लागते. दोन स्पीकरांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असला तर तो 'चांगला' वाटतो, म्हणून आधी दोघांचा आवाज मोजून सारखा करायचा. इतके करूनही खरा निवाडा कसा अवघड असतो याचे एक उदाहरण देतो, कारण या लेखाचा मुद्दा त्यात आहे.

आमच्यातले एक गणिताचे निवृत्त शिक्षक, ज्यांच्या घरी कन्नड आणि आमच्याशी अस्सल बेळगावी मराठी, यांनी एक जोडी बांधली होती. सुतारकाम इतके नेटके की दोन फळ्यांच्या सांध्यात नख शिरू नये. त्याच सुमारास गायन शिकवणाऱ्या एका बाईंना आम्ही त्यांचा मिरजेचा तंबोरा घेऊन बोलावले होते. ब्रिग्जचा धडा घरच्या घरी गिरवावा, असा बेत होता. तंबोरा आणि बाईंचे थोडे गाणे आधी त्याच खोलीत मुद्रित करून ठेवले होते. पडद्याआड एका बाजूला प्रत्यक्ष तंबोरा, दुसऱ्या बाजूला सरांचे स्पीकर.

तंबोराच का, हे सांगितले पाहिजे. परदेशी हौशी मंडळी पियानो, ऑर्केस्ट्रा, ढोल अशा गोष्टींवर स्पीकर पारखतात. आपल्याकडेही तीच उसनी यादी चालते. वस्तुतः तंबोऱ्याइतकी कठोर परीक्षा घेणारे वाद्य क्वचितच असेल. घोडीच्या किंचित गोलाईवर तार टेकते, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवून जवारी उघडतात, आणि मग एका तारेतून स्वरांची आख्खी रांग उमलते. या उपस्वरांच्या समृद्धीकडे सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालच्या निबंधात लक्ष वेधले होते. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांनी नियमाप्रमाणे गप्प बसावे, तेही इथे बोलतात. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा त्यातलाच, पाचवा उपस्वर. तो कोणी छेडत नाही. जुळलेल्या तंबोऱ्यात आपोआप येतो.

सरांच्या स्पीकरवर तो गंधार असा काही लखलखीत आला की आम्ही माना डोलावल्या. कोणी म्हणाले, "वा, किती क्लिअर!" दुसरे म्हणाले, "प्रत्यक्ष तंबोऱ्यापेक्षा छान." बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, रागवू नका, पण हा गंधार तारेतला नव्हे. पेटीतला आहे की हो."

सर रागावले नाहीत. पण कशावरून, ते विचारलेच. बाईंचे उत्तर असे, की तारेतला गंधार छेडल्यानंतर जरा वेळाने येतो, जवारीबरोबर उमलतो आणि सरतो. हा मात्र छेडताक्षणीच हजर, आणि प्रत्येक छेडीला सारखाच. त्यांनी स्वतःच्या गाण्याचा तुकडा लावायला सांगितला. आवाज तार गंधारावर पोचला की फुगत होता. ऋषभावर नाही, मध्यमावर नाही. त्यांची पट्टी काळी चार. म्हणजे खर्ज सुमारे १०४ कंपनांचा, आणि त्याचा पाचवा उपस्वर ५२०च्या आसपास. सरांनी तिथल्या तिथे टेप काढून पेटी आतून मोजली. दोन समोरासमोरच्या भिंतींत अंतर ३३ सेंटिमीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एवढ्या अंतरात अर्धी लाट मावली तर तिची कंपने येतात ५२०. बंद खोलीत चेंडू भिंतीवरून भिंतीवर आपटत राहावा तसा तो एक स्वर पेटीत घुमत होता. योगायोगाने तो बाईंचा गंधार निघाला.

उपाय जुनाच आहे. ए. आर. बेली यांनी १९६५ साली 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात लांब धाग्याची लोकर भरलेल्या पेटीचा आराखडा दिला होता. आमच्या भागात लोकरीची काय वाण? एका जुन्या घोंगडीचे तुकडे सरांनी पेटीत सैलसर भरले. सरांच्या घरी तिला कंबळी म्हणतात. पुढच्या बैठकीत तोच तंबोरा, तेच मुद्रण, तोच पडदा. गंधार मागे सरला होता. येत होता, पण वाट पाहायला लावून. आणि खरी गंमत इथे आहे: आमच्यातल्या तिघांना आता स्पीकर पूर्वीपेक्षा नीरस वाटला. तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितलेही.

या तिघांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. साहित्यातही हेच घडते. लेखकाने जे म्हटलेलेच नाही ते ठळक करून दाखवणारा टीकाकार लोकप्रिय होतो, कारण त्याच्या पेटीत एक आवडता स्वर घुमत असतो. कोणतीही कविता लावा, तोच स्वर वर येतो. पहिल्या ऐकण्यात आपण त्याला मर्मज्ञ म्हणतो. बाईंनी केले ते अस्सल समीक्षेचे काम होते: आवडलेली गोष्ट मुळातली आहे की माध्यमाची, हे त्यांनी वेगळे करून दाखवले, पडताळा दिला, आणि कर्त्यासमक्ष दिला. कर्त्याने तो मोजून पाहिला आणि आपली पेटी उघडली. टीका इतक्या थेट फळीपर्यंत पोचण्याचा प्रसंग आमच्या लेखनव्यवहारात मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

आता दोष. पहिला दोष भाषेचा. या छंदात 'वॉर्म', 'ब्राइट', 'एअरी', 'पंची' असे शब्द सर्रास फिरतात. त्यांतून ऐकणाऱ्याचे समाधान कळते, आवाज कळत नाही. ज्या भाषेत आवाजाला बोदा, चिरका, भसाडा, घोगरा, दाणेदार, नाकातला असे नेमके शब्द आहेत. आस, घुमारा, जवारी असे पारिभाषिक शब्द कारागीर आणि कलावंत दोघेही वापरतात. त्या भाषेने 'वॉर्म' म्हणून थांबावे हे दैन्य आहे. आमच्या बैठकीत निम्मी मंडळी कन्नड बोलणारी. गाण्याचा विषय निघाला की यांतले कितीतरी शब्द दोन्हीकडे चालतात, दुभाष्या लागत नाही. 'जवारी' या शब्दाची तर आमच्याकडे आणखी एक खुमारी आहे. बेळगाव-धारवाड भागात, दोन्ही भाषांत, जवारी म्हणजे गावठी, अस्सल देशी: जवारी कोंबडी, जवारी काकडी. घोंगडी भरून झाल्यावर सर हसून म्हणाले होते, "इदु नम्म जवारी स्पीकर." तंबोऱ्याची जवारी आणि कोंबडीची जवारी यांचे व्युत्पत्तीत नाते असो वा नसो, त्या खोलीत ते जुळले.

दुसरा दोष तुकड्यातुकड्यांनी ऐकण्याचा. हौशी माणूस विलंबित ख्यालाची दोन आवर्तने ऐकतो, मान हलवतो आणि रेकॉर्ड बदलतो. त्याला तबल्याचा डग्गा ऐकायचा असतो, मग सतारीचा चिकारीचा झाला, मग आणखी काही. स्पीकर ऐकता ऐकता गाणे ऐकायचे राहूनच जाते. ज्या गायकीत राग उलगडायला अर्धा तास लागतो, तिची पारख एका मिनिटात करणारा स्पीकरचा पारखीही असू शकत नाही. कारण स्पीकरचा सर्वांत मोठा दोष, म्हणजे थकवा, तो अर्ध्या तासानंतरच कळतो.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. या बैठकी जवळजवळ सर्वत्र पुरुषांच्या असतात. बाईंना आम्ही बोलावले ते तंबोऱ्यासाठी. मत विचारण्यासाठी नव्हे. त्या बोलल्या म्हणून आम्हांला कळले. ज्यांच्या हाती करवत नाही पण कानात तीस-चाळीस वर्षांचा रियाज आहे, अशांना चहाच्या कपापुरते ठेवणारा छंद आपलेच नुकसान करून घेतो. तेव्हापासून बाई नेमाने येतात, आणि त्यांच्या दोन विद्यार्थिनीही. त्यांतल्या एकीने आपली स्वतःची पेटी बांधायला घेतली आहे.

या दोषांसकट मला हा छंद मोलाचा वाटतो. आज गाणे प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र वाजते. इयरफोनला मी नावे ठेवत नाही. त्यातून तंबोरा कित्येकदा साध्या स्पीकरपेक्षा चांगला ऐकू येतो. पण तिथे दुसरा साक्षीदार नसतो. 'हा गंधार तारेतला नव्हे' असे म्हणायला शेजारी कोणी नसते, आणि अभिरुचीला हरकत घेणारे कोणी नसले की ती वाढत नाही. पूर्वी हे काम मैफल करी. गवय्याच्या एखाद्या जागेला चुकीची दाद गेली की जाणत्याची नजर पुरेशी असे. मैफली विरळ झालेल्या गावांत मलमलीच्या पडद्यापुढची ही चार माणसे तेवढे काम तरी चालू ठेवतात. शिवाय दोन भाषांची माणसे भाषेवाचून दुसऱ्या एखाद्या गोष्टीवर कडाकडा भांडू शकतात, हे आमच्या जिल्ह्यात लहानसहान नव्हे.

अलीकडे आम्ही एक नियम केला आहे. पारख आटोपली की पडदा काढायचा, दिवा मंद करायचा आणि एक ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे. मधे कोणी उठायचे नाही. मागच्या खेपेला मन्सूरांचे गाणे लावले होते. संपल्यावर पेटीविषयी कोणीच बोलले नाही. बुवांनी तानेच्या त्या लांब वळणात श्वास नक्की कुठे घेतला, यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालला. अर्धा मराठीत, अर्धा कन्नडात. तो अजून मिटलेला नाही.